रस्टडेस्क स्वतःच्या सर्व्हरवर: तीन जागा, २३ कॉम्प्युटर आणि आठ महिन्यांचा अनुभव

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा, बिलाचे प्रिंटर, सीसीटीव्ही, वायफाय, डिझाईनरचं मशीन आणि मालकांच्या मोबाईलमधला मेलसुद्धा. एकूण २३ कॉम्प्युटर, पण एका जागी नाहीत. कारखाना इथं, गोडाऊन चिंचोलीला आणि सेल काउंटर चाटी गल्लीत. आणि बघणारा मी एकटा.

आधी काय व्हायचं सांगतो. चिंचोलीहून फोन यायचा, "ई-वे बिल निघंना ओ, गाडी भरून उभी हाय," की मी गाडी काढायचो. गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, तेही मे महिन्यात भर दुपारी, सोलापूरचं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. तिथं जाऊन बघायचो तर प्रिंटर ऑफलाईन झालेला, दोन क्लिकचं काम, तेवढ्यात कारखान्यातून फोन की टॅली उघडंना. अख्खा दिवस असाच रस्त्यावर जायचा आणि तिन्ही ठिकाणची माणसं म्हणायची की कॉम्प्युटरवाले भेटतच नाहीत. त्यांचंही बरोबरच होतं.

म्हणून रिमोटचं, म्हणजे लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायचं, काहीतरी पक्कं करायचं ठरवलं. आज आठ महिने झाले, रस्टडेस्क नावाचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालतंय, आणि मला वाटतं आपल्याकडच्या छोट्या-मध्यम युनिटवाल्यांना हा अनुभव कामाला येईल, म्हणून सविस्तर लिहितोय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

रस्टडेस्कच्या आधी काय काय वापरलं ते थोडक्यात. एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर आम्ही फुकटात वापरत होतो, नाव लिहीत नाही. एक दिवस स्क्रीनवर आलं की तुमचा वापर धंद्यासाठी दिसतोय, आणि तिथून पुढं दर थोड्या मिनिटांनी जोडणी तुटायला लागली. कंपनीचं काही चुकलं नव्हतं, फुकट आवृत्ती घरच्या वापरासाठीच होती आणि आम्ही ती कारखान्यात वापरत होतो. पण ते कळलं कधी, तर महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) भरायच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता. त्या दिवशी ठरवलं की दुसऱ्याच्या मेहेरबानीवर हे काम ठेवायचं नाही.

मग विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप बघितलं. चांगलं आहे, वेगवान आहे, ज्यांच्याकडं सगळीकडं विंडोज प्रो आहे आणि आत व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, बंद वाट) आहे त्यांनी तेच वापरावं असं मी म्हणेन. आमची अडचण अशी की २३ पैकी १४ मशीन विंडोज होमची, आणि होमवर बाहेरून रिमोट घेताच येत नाही, प्रोच लागतं. दुसरं म्हणजे त्यात तुम्ही आत गेलात की समोर बसलेल्या माणसाची स्क्रीन लॉक होते, म्हणजे "हे बघा मॅडम, इथं क्लिक करा" असं दाखवता येत नाही, आणि माझं निम्मं काम दाखवण्याचंच आहे. तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. डिजिटल सिग्नेचरचा जो यूएसबी टोकन असतो ना, तो ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलेला असला तरी रिमोट डेस्कटॉपमधून आत गेल्यावर दिसत नाही, कारण ते सेशन स्मार्टकार्ड, म्हणजे असा टोकन, शोधतं तुम्ही जिथून जोडलात त्या मशीनवर. मी दोन रात्री ड्रायव्हर काढून-घालून बघितले आणि दोष ड्रायव्हरचा नव्हताच. स्क्रीन जशीच्या तशी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे रस्टडेस्क असो किंवा तसलं दुसरं, ही भानगड येत नाही, कारण त्या कॉम्प्युटरसमोर बसल्यासारखंच काम होतं.

आणि कृपा करून एक करू नका. राऊटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं नेटवर्कवरचं दार) उघडून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवू नका. माझ्या ओळखीच्या एका युनिटमध्ये असंच ठेवलेलं होतं, पासवर्ड साधा, आणि एका सोमवारी सकाळी टॅलीच्या सगळ्या फाईलींचं नाव बदललेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राईव्हवर होता, तोही गेला. दोन वर्षांची खाती त्यांनी कागदी बिलांवरून परत भरली. त्यांचे अकाउंटंट मला सांगताना रडायचे बाकी राहिले होते. पोर्ट उघडा दिसला की तिथं पासवर्ड मारून बघणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, त्यांना सोलापूर काय आणि शिकागो काय, सगळं सारखंच.

आता रस्टडेस्क. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, एजीपीएल लायसन्सवर, रस्ट नावाच्या भाषेत लिहिलंय म्हणून नाव तसं. दिसायला-वापरायला एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखंच, एक आयडी, एक पासवर्ड, समोरच्याचा आयडी टाका आणि कनेक्ट. मला ओढलं ते दुसऱ्या गोष्टीनं, की ज्या सर्व्हरमधून ही जोडणी ठरते तो सर्व्हर तुम्ही स्वतःचा ठेवू शकता आणि त्याचे पैसे नाहीत. हे का महत्त्वाचं ते सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कनं स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या प्रॉडक्शन सिस्टिममध्ये घुसखोरी झाली, त्यांनी कोड साईन करायचं सर्टिफिकेट बदललं आणि वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनं त्यांच्या कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये घुसखोरी झाल्याचं सांगितलं, ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत ती पोचली नाही असंही सांगितलं. दोघांनी लपवलं नाही हे चांगलं केलं. पण मी विचार केला, आपल्या कारखान्याच्या २३ मशीनची दारं जिथून उघडतात ती जागा जर्मनीत आहे आणि तिथं काय चाललंय ते आपल्याला बातमीतून कळणार. त्यापेक्षा छोटी का होईना, आपली जागा बरी. अर्थात आपली जागा म्हणजे झाडलोटही आपणच करायची, ते पुढं येतंच.

सर्व्हरचे दोन भाग आहेत. एचबीबीएस म्हणजे आयडीची नोंद ठेवणारा आणि दोन मशीनची गाठ घालून देणारा. एचबीबीआर म्हणजे रिले, दोन मशीनना थेट बोलता येत नसेल तर मधून डेटा वाहणारा. बऱ्याच वेळा थेट जोडणी होते आणि मग सर्व्हरवर काहीच लोड येत नाही. आपल्याकडं आता बरेच नेटवाले एकच पब्लिक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटून देतात, तिथं थेट जमलं नाही की रिले लागतो. मी मुंबईच्या डेटासेंटरमधला सगळ्यात छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, १ जीबी रॅमचा, त्यावर लिनक्स, आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) हे दोन्ही चढवले. एवढ्या छोट्या मशीनवर आरामात चालतंय, सर्व्हर जवळजवळ झोपलेलाच असतो. कारखान्यातच जुन्या पीसीवर ठेवायचा विचार होता, स्टॅटिक आयपी पण आहे, पण लाईट गेली, इन्व्हर्टर उतरला की कारखान्याबरोबर चिंचोली आणि चाटी गल्लीचं रिमोटही बंद पडणार. म्हणून बाहेर.

पोर्ट लागतात २१११५, २१११६ आणि २१११७. ब्राउझरमधून वापरायचं असेल तरच २१११८ आणि २१११९, मी ते उघडलेच नाहीत. इथं माझी पहिली चूक झाली. २१११६ हा टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही लागतो, मी फायरवॉलमध्ये फक्त टीसीपी उघडला. मशीन आपली हजेरी यूडीपीवरून लावतं, ती हजेरीच पोचंना, आणि मी तीन तास डॉकरमध्ये खोट शोधत बसलो. एक ओळ वाढवली आणि सगळी मशीन पटापट हजर झाली. हे वाचून तुमचे तीन तास वाचले तर आनंद आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. सर्व्हर पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो दोन फाईली बनवतो, आयडी-ईडी-२५५१९ नावाची खाजगी किल्ली आणि त्याच नावाला पुढं पब जोडलेली सार्वजनिक किल्ली. सार्वजनिक किल्ली प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकायची असते. या फाईलींची कॉपी वेगळी काढून ठेवा, आजच ठेवा. डॉकरमध्ये फोल्डर बाहेर जोडायचं विसरलात आणि कंटेनर पुसला, की सर्व्हर नवीन किल्ली बनवणार, आणि मग सगळ्या मशीनवर की मिसमॅच. २३ मशीनवर परत फिरा. मी एक कॉपी पेनड्राईव्हवर घालून मालकांच्या तिजोरीत ठेवलीय, पाकिटावर मराठीत लिहून की हे काय आहे आणि मी नसलो तर कुणाला द्यायचं.

मग आलं खरं काम, २३ मशीनवर चढवणं. ज्यांच्याकडं डोमेन आहे, ॲक्टिव्ह डिरेक्टरी आहे, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची विंडोजची सोय आहे, त्यांना एमएसआय फाईल मिळते, ग्रुप पॉलिसीतून ढकलता येते. आमच्याकडं डोमेन नाही, सोलापुरातल्या बहुतेक युनिटमध्ये नसतं, सगळं वर्कग्रुपवर. म्हणून मी एक बॅच फाईल (एकामागून एक कमांड चालवणारी) बनवली आणि पेनड्राईव्ह घेऊन फिरलो. फाईल ॲडमिन म्हणून चालवायची. ती आधी सायलेंट इन्स्टॉल करते, मग २० सेकंद थांबते कारण सर्व्हिस उभी राहायला वेळ लागतो, मग आपल्या सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली असलेली कॉन्फिग घालते, कायमचा पासवर्ड सेट करते, आणि शेवटी त्या मशीनचा आयडी विचारून पेनड्राईव्हवरच्या एका टेक्स्ट फाईलमध्ये कॉम्प्युटरच्या नावासकट लिहून ठेवते. गेट-आयडी कमांडच्या पुढं पाईप लावून मोअर लिहायला विसरू नका, नाहीतर आयडी बाहेर येतच नाही आणि टेक्स्ट फाईल रिकामी. त्याच बॅचमध्ये मी पॉवर सेटिंगची कमांडही टाकली, चार्जिंगवर असताना मशीन झोपू नये म्हणून, कारण झोपलेला कॉम्प्युटर ऑफलाईनच दिसणार. एका मशीनला सात-आठ मिनिटं धरा. ज्यांना बॅच फाईल नको त्यांच्यासाठी सोपी युक्ती पण आहे, विंडोजच्या एक्सई फाईलच्या नावातच होस्ट बरोबर अमुक, की बरोबर तमुक असं लिहून दिलं की ती फाईल उघडल्याबरोबर आपला सर्व्हर ओळखते. लांबच्या माणसाला एकदाच मदत करायची असेल तर मी तसली फाईल पाठवतो.

नुसती फाईल उघडून वापरणं आणि इन्स्टॉल करणं यात फरक आहे बरं का. नुसती उघडली तर विंडोजची ती परवानगी विचारणारी खिडकी येते, स्क्रीन अंधारते, तेव्हा लांबून काहीच करता येत नाही. इन्स्टॉल केलं की ते सर्व्हिस म्हणून चालतं, लॉगिनच्या स्क्रीनवरही तुम्ही पोचता. ऑफिसच्या मशीनवर इन्स्टॉलच करा.

कारखान्यातल्या चार मशीनवर अँटिव्हायरसनं फाईल उचलून क्वारंटाईनमध्ये टाकली. मला राग आला नाही, रिमोटची साधनं चोरही वापरतात म्हणून अँटिव्हायरस सावध असतात. पण अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करायचं नाही. फाईल रस्टडेस्कच्या अधिकृत गिटहब पानावरूनच घ्यायची, डिजिटल सही तपासायची, आणि मग तेवढ्याच एका फोल्डरला सूट द्यायची.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरंतर मी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

अकाउंटच्या मॅडमच्या मशीनवर मी इन्स्टॉल करत होतो. त्या शांतपणे बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "एक विचारू का ओ? मागं माझ्या मोबाईलवर मेसेज आला होता, बिल भरलं नाही, आज रात्री लाईट कट होणार म्हणून. फोन केला तर तो माणूस म्हणाला एक ॲप टाका आणि नंबर सांगा. मी नाही टाकलं. माझ्या नणंदेनं टाकलं, तिचे पैसे गेले. मग त्यानं सांगितलेलं आणि तुम्ही टाकताय हे, यात फरक काय?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण तांत्रिक बघितलं तर फरक काहीच नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं की अशा रिमोट ॲपमधून मोबाईलचा ताबा घेऊन लोकांचे पैसे काढले जातायत. साधन तेच. दुसऱ्याच्या हातात तुमची स्क्रीन, तुमचा माऊस. आणि मी तर त्यांना न विचारता, मालकांनी सांगितलं म्हणून, कायमचा पासवर्ड टाकून चाललो होतो, म्हणजे मी रात्री दोन वाजता घरून त्यांच्या मशीनवर गेलो असतो तरी त्यांना कळलं नसतं.

त्या दिवशी मी पेनड्राईव्ह खिशात घातला आणि आधी बसून नियम लिहिले. मग सगळी पद्धतच बदलली. ज्या मशीनवर माणूस बसतो, त्या सगळ्या मशीनवर सेटिंग केलं की फक्त क्लिकनं परवानगी. म्हणजे मी कनेक्ट केलं की त्यांच्या स्क्रीनवर खिडकी येते, स्वीकारा किंवा नाकारा, त्यांनी स्वीकारल्याशिवाय मी आत येऊच शकत नाही, पासवर्ड असला तरी. आत असेपर्यंत ती खिडकी तिथंच राहते, त्यावर माझं नाव दिसतं, फाईल पाठवणं, क्लिपबोर्ड वगैरे परवानग्या त्यांना तिथंच बंद करता येतात, आणि डिस्कनेक्टचं बटण त्यांच्या हातात. मी मॅडमना दोन वेळा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांनी मला मुद्दाम बाहेर काढलं, आणि मग हसून म्हणाल्या, "आता ठीक हाय."

आणि नियम एकच, मी आधी फोन करणार. माझा आवाज ओळखल्याशिवाय कुणी स्वीकारायचं नाही. माझ्या नावानं दुसऱ्या कुणाचा फोन आला, मेसेज आला, तर नाही. तिन्ही जागी हे तोंडी सांगितलं, कारखान्यात काही जण घरी तेलुगू बोलतात, त्यांना आमच्या सुपरवायझरनं तेलुगूत समजावलं. चिंचोलीच्या मुलानं तर एकदा माझाच नंबर दिसत असताना, आवाज नीट येत नव्हता म्हणून नाकारलं आणि परत फोन केला. मी त्याला शाबासकी दिली.

कायमचा पासवर्ड फक्त चार मशीनवर ठेवला, जिथं कुणी बसत नाही: टॅलीचा सर्व्हर, सीसीटीव्हीचा पीसी, बॅकअपचं मशीन आणि गोडाऊनच्या वजनकाट्याचा पीसी. आधी मी सगळीकडं एकच पासवर्ड टाकला होता, सोपं पडतं म्हणून. तो बदलला, चारही वेगळे, लांब, आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये. टॅली सर्व्हरवर टू-फॅक्टर पण लावलं, रस्टडेस्कमध्येच ती सोय आहे, मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड टाकल्याशिवाय आत जाता येत नाही. या चार मशीनच्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस चालू करून ठेवलं, लाईट जाऊन आली की ती आपोआप सुरू होतात. हे नाही केलं तर लाईट गेल्यावर बटण दाबायला परत चिंचोलीला जावं लागेल आणि मग रिमोटचा उपयोग काय.

वापरायला कसं आहे? साध्या कामाला, टॅली, ब्राउझर, प्रिंटर, एकदम छान. चाटी गल्लीचं नेट जुनं आहे, तिथं क्वालिटी कमी करून वेग वाढवायचा पर्याय निवडला की माऊस अडकत नाही. मोबाईलवरून पण चालतं. गड्ड्याच्या यात्रेत मी घरच्यांबरोबर होम मैदानावर होतो, पोराला पाळण्यात बसवलेलं, आणि गोडाऊनमधून फोन आला. तिथंच बाजूला उभा राहून मोबाईलवरून ई-वे बिल काढून दिलं, गाडी सुटली, पोराचा पाळणा थांबायच्या आत. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर टॅलीचे ते आकडे वाचताना डोळ्याला त्रास होतो एवढंच.

डिझाईनरचं प्रकरण मात्र वेगळं निघालं आणि त्यात मला लै शिकायला मिळालं. आमचा जकार्ड (कापडात विणून काढलेल्या नक्षीचा) डिझाईनर विडी घरकुलात राहतो, त्याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर घरून काम करायचं ठरलं. डिझाईनच्या स्क्रीनवर चौकटीला चौकट लागून असते, एक चौकट म्हणजे एक धागा. पहिल्याच दिवशी त्याचा फोन, "मालक, काठाचा लाल आन् मरून एकात मिसळतोय ओ, धागा मोजता येईना." मला वाटलं नेट स्लो आहे. नेट बरोबर होतं. कारण असं की व्हिडिओ लहान करताना उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकच, ४:२:० म्हणतात त्याला. सिनेमा बघताना डोळ्याला कळत नाही. पण एक पिक्सेल लाल आणि शेजारचा मरून असला की दोन्हीचा मिळून एक मळका रंग होतो. रस्टडेस्कच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ट्रू कलर ४:४:४ म्हणून एक पर्याय आहे, तो चालू केला की प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा येतो. डेटा जास्त लागतो, प्रोसेसरवर लोड पण येतो, पण काठ असा स्वच्छ दिसला की तो म्हणाला, "आता मोजा, अठ्ठावीस." त्या महिन्यात त्यानं तीन डिझाईन घरून पूर्ण केल्या. तरी शेवटचा रंग पक्का करायला मी त्याला कारखान्यात येऊन सूत समोर धरूनच बघायला सांगतो, घरचा मॉनिटर आणि कारखान्याचा मॉनिटर रंग वेगवेगळा दाखवतात, ते कुठलंच सॉफ्टवेअर सोडवणार नाही.

मराठी टाईप करणाऱ्यांसाठी एक. कीबोर्डचे मोड आहेत, मॅप आणि ट्रान्सलेट. मॅप मोडमध्ये तुम्ही कुठली की दाबली तेवढंच पलीकडं जातं, आणि पलीकडच्या मशीनवर जो कीबोर्ड निवडलाय तसं अक्षर उमटतं. समोरच्या मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर तुमच्याकडं इंग्रजी ठेवा, मोड मॅप ठेवा, आणि भाषा पलीकडं बदला. दोन्हीकडं मराठी करून ट्रान्सलेटवर टाईप करायला गेलो तेव्हा माझी जोडाक्षरं बिघडत होती.

कमी काय आहे तेही सांगायला पाहिजे. फुकटच्या सर्व्हरला वेब पॅनेल नाही, सगळ्यांसाठी एकच ॲड्रेस बुक नाही, कोण कुठल्या मशीनवर कधी गेलं याची एका जागी नोंद नाही. ते सगळं सर्व्हर प्रो मध्ये आहे आणि त्याचे पैसे लागतात. मी एकटाच असल्यामुळं २३ आयडी एक्सेलमध्ये ठेवून काम भागतंय, आणि नोंद मी वहीत लिहितो, तारीख, वेळ, मशीन, काय केलं. तीन-चार जणांची आयटी टीम असेल तर वहीवर चालणार नाही, तुम्ही प्रो घ्या. व्हीपीएसचे अपडेट, क्लायंटचे अपडेट, किल्लीचा बॅकअप, हे दर महिन्याला कुणीतरी बघायला पाहिजे. बघणारं कुणी नसेल तर स्वतःचा सर्व्हर उभा करू नका, विकतचं रीतसर लायसन्स घेऊन चांगलं सॉफ्टवेअर वापरा, त्यात कमीपणा नाही. अर्धवट उभा केलेला आणि कुणी न बघणारा सर्व्हर हा उघड्या ३३८९ पोर्टचाच भाऊ.

खर्च म्हणाल तर व्हीपीएसचं महिन्याचं भाडं, ते माझ्या आधीच्या पेट्रोलपेक्षा कमी आहे. मालकांना मी तेवढंच सांगितलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं.

अजून दोन कामं राहिलीत. वजनकाट्याचा पीसी जुना ३२ बिटचा आहे, त्याच्यावर रस्टडेस्कची नवी आवृत्ती चढत नाही, सायटर नावाची वेगळी हलकी फाईल मिळते ती टाकलीय, चालतंय, पण ते मशीन बदलायचंय. आणि नऊ मशीनवर अजून विंडोज १० आहे, मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा फुकट सपोर्ट थांबवला, तेव्हा ती मशीन नवी होईपर्यंत त्यांच्यावर कायमचा पासवर्ड ठेवायचा नाही असं मी ठरवलंय. वजनकाट्याचा पासवर्ड पण मागच्या आठवड्यात काढून टाकला. आता तिथं काही अडलं तर वॉचमन मामा फोन करतात, खुर्ची ओढून बसतात, आणि स्वीकाराचं बटण दाबून मला आत घेतात.